बाबांच्या नावाने दुसराच कोणी

आत्याचा फोन आला तेव्हा मी कामावर होते. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत काजूचा एक कारखाना आहे, तिथे मी पॅकिंगचं काम बघते. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून बाहेर शेडखाली आले. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. ती सावर्ड्याला असते आणि कामाच्या वेळात मला कधी फोन करत नाही, म्हणून मी जरा घाबरलेच.

"गो, दादा बरा आहे ना?"

"बरे आहेत. का?"

"मला मेसेज केलान त्याने. इंग्रजीत. हाय डिअर, हाऊ आर यू." आत्या थांबली. "साठ वर्षांत तो मला डिअर म्हणाला नाही गो. म्हशे म्हणतो. आणि वर माझा मोबाईल नंबर मागतोय. माझा नंबर त्याला झोपेत विचारलास तरी सांगेल."

मी तिथेच उभ्या उभ्या बाबांचं सोशल मीडियावरचं पान उघडून बघितलं. बाबांचा नेहमीचा फोटो तिथे नव्हता. पांढरी टोपी, पांढरा एप्रन आणि हातात मोठा झारा, असा तो फोटो असायचा. त्या जागी कोट घातलेला कोणी तरुण माणूस मोटारीला टेकून उभा होता. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की एका बाईंच्या सल्ल्याने गुंतवणूक केली आणि माझं आयुष्य बदललं. त्याखाली बाबांच्या दोन मित्रांनी अभिनंदन केलं होतं. बिचाऱ्यांना खरंच वाटलं होतं.

बाबा एकतीस वर्षं बोटीवर कुक होते. मालवाहू बोटींवर. आम्ही लहान असताना ते वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रावर आणि उरलेले घरी असत, आणि घरी असले की आईच्या स्वयंपाकघरात सारखे लुडबुड करत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांना काही सुचेना. सव्वीस माणसांचा स्वयंपाक करायची सवय असलेला माणूस तिघांच्या आमटीत किती रमणार? घरात आम्ही तिघंच. मी लग्न केलं नाही. शेवटी मीच त्यांना सोशल मीडियावर खातं उघडून दिलं. बोटीवर त्यांना ज्या टोपणनावाने हाक मारत, तेच नाव त्यांनी खात्याला दिलं. खरं नाव टाकलं तर कोणी ओळखणार नाही म्हणाले.

आणि खरोखर माणसं सापडत गेली. केरळचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तो सापडला. इंजिनवाला कोणी फिलिपिन्समधला सापडला. बाबा लिहायला लागले. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकत्र, आणि तेही इंग्रजी लिपीत. प्रत्येक वेळी एक बंदर आणि एक पदार्थ. कालव्याबाहेर तीन दिवस बोट रांगेत उभी होती, मटण संपलं, तेव्हा घरून नेलेल्या सुक्या जवळ्याचा पुलाव केला, असं त्यांनी एकदा लिहिलं. बोसनने खाली उत्तर दिलं की तो पुलाव नव्हता, ती शिक्षा होती. बाबा दोन दिवस ते वाचून हसत होते.

दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. पायाने आणि हाताने हळूहळू ऐकलं, पण चेहऱ्याची उजवी बाजू पडली ती पडलीच. तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि शब्द जड झाले. आम्हाला कळायचं, पण नवीन माणूस "काय? काय म्हणालात?" असं दोनदा विचारायचा, आणि बाबा मान फिरवायचे. त्यांनी दाढी वाढवली. फोन घेणं बंद केलं. गावात जाणं सोडलं. कोणी भेटायला आलं की मी पुढे होऊन बोलायचे, "बाबांना बरं आहे, बाबा म्हणतायत की बसा, चहा घ्या." बाबा नुसती मान हलवायचे.

लिहिणं मात्र सुटलं नाही. डाव्या हाताच्या एका बोटाने ते रोज सकाळी पडवीत बसून टाइप करायचे. तिथे त्यांचं बोलणं अडखळत नव्हतं. आजारपणाबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. टोपीवाला हसरा फोटो तसाच ठेवला. बोटीवरच्या मित्रांना काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं.

म्हणून त्या दिवशी आत्याचा फोन ठेवल्यावर मला पहिला प्रश्न पडला तो, हे बाबांना सांगायचं कसं.

घरी पोचले तर बाबा पडवीत मोबाईल मांडीवर उलटा ठेवून बसले होते. आईने डोळ्यांनीच खूण केली की काहीतरी बिनसलंय.

"बाय," बाबा म्हणाले, "माझा पासवर्ड चालत नाय."

"मला कळलं. आत्याचा फोन आला होता."

त्यांनी मांडीवरचा मोबाईल सरळ केला. मग म्हणाले, "मीच दिला. नंबर."

हळूहळू सगळं बाहेर आलं. आदल्या दिवशी त्यांना एका जुन्या मित्राच्या खात्यावरून मेसेज आला होता. माझं खातं बंद पडलंय, ते उघडायला तुझ्या मोबाईलवर सहा आकड्यांचा नंबर येईल तेवढा पाठव. बाबांनी पाठवला. मित्र अडचणीत आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरा विचार केला नाही. त्या मित्राचं खातं आधीच चोरीला गेलं होतं आणि तो सहा आकड्यांचा नंबर बाबांच्याच खात्याची किल्ली होती, हे त्यांना कुठून कळणार?

"मी एवढा मूर्ख नव्हतो," ते म्हणाले.

"बाबा, आमच्या कारखान्याचे मॅनेजर याच्यात फसलेत. इंजिनिअर माणूस."

हे खोटं होतं. पण त्यांना जरा बरं वाटलं.

मी खटपट सुरू केली. 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की नवीन नंबर एका भलत्याच ईमेलवर जाणार होता. पहिलं अक्षर, मग नुसत्या चांदण्या. चोराने ईमेल बदलला होता, मोबाईल नंबर काढून टाकला होता. मग मला आठवलं की खातं उघडताना मी बाबांच्या नावाने एक ईमेल काढला होता. ईमेल बदलला की जुन्या पत्त्यावर सूचना जाते आणि त्यात 'हे तुम्ही केलं नसेल तर इथे दाबा' असं असतं, असं मी वाचलं होतं. पण त्या ईमेलचा पासवर्ड कोणाला आठवतोय? आम्ही तो कधी परत उघडलाच नव्हता.

आई मध्येच उठली आणि बाबांची वही घेऊन आली. बोटीवरची पाककृतींची वही, तेलाचे डाग पडलेली. "तेव्हा तू काहीतरी सांगत होतीस आणि हे याच्यात लिहून घेत होते," ती म्हणाली. आम्ही पान पान उलटलं. सव्वीस माणसांच्या पावाला किती मैदा, किती यीस्ट, आणि त्याच्याखाली बाबांच्या ठसठशीत अक्षरात पासवर्ड. आई एवढी खूश झाली की तिने लगेच चहा टाकला.

ईमेल उघडला. सूचना होती. दाबलं. पुढे विचारलं, हे खातं तुमचंच कशावरून? सरकारी ओळखपत्र दाखवा. पण ओळखपत्रावर खरं नाव आणि खात्यावर बोटीवरचं टोपणनाव. ते जुळणार नव्हतं. दुसरा रस्ता होता तो म्हणजे चेहऱ्याचा व्हिडिओ. मोबाईलसमोर चेहरा धरायचा, सांगतील तशी मान वळवायची. जुन्या फोटोंशी ते ताडून बघणार.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, बंद केला आणि बाजूला ठेवला.

"नको," ते म्हणाले. "जाऊ दे ते खातं."

"अहो, एक मिनिटाचं काम आहे," आई म्हणाली.

"नको म्हटलं ना."

दीड वर्षात त्यांनी एकही फोटो काढू दिला नव्हता. चुलतभावाच्या लग्नातसुद्धा आले नव्हते, फोटोवाले असतात म्हणून.

तीन दिवस तसेच गेले. सकाळी पडवीत ते नुसते बसून राहायचे. एका बोटाची ती टकटक नव्हती. मी कामावर जाताना चप्पल घालायचे आणि मला त्यांच्याकडे बघवायचं नाही.

चौथ्या दिवशी रविवार होता. दुपारी बाबांचा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर. बाबांनी सवयीने तो माझ्यापुढे सरकवला. मी स्पीकरवर घेतला. पलीकडून म्हाताऱ्या माणसाचा खणखणीत आवाज आला, बोटीवरच्या हिंदीत. तो बोसन होता. इतकी वर्षं ते एकमेकांना लिहीत होते, पण फोन त्याने पहिल्यांदाच केला होता. आमचा नंबर त्याने कंपनीच्या जुन्या माणसांना विचारत विचारत मिळवला होता.

त्याचं म्हणणं असं: कुकचा मेसेज आला की मी हॉस्पिटलात आहे, ऑपरेशनला मदत पाठव, लगेच पाठव. बोसन पाठवणारच होता. पण मग त्याला खटकलं. एका बोटीवर आम्ही बारा वर्षं काढली आणि या माणसाने माझ्याकडे कधी काडीपेटीसुद्धा मागितली नाही. आणि मला तो 'सर' कसा म्हणेल?

मी सांगितलं, "अंकल, ते खातं चोरीला गेलंय. काही पाठवू नका. बाबा एकदम ठीक आहेत."

"ठीक है तो बात कराओ."

"बाबा आत्ता जरा झोपलेत," मी म्हणाले. इतकी सवय झाली होती मला.

"जगाओ. आवाज सुनाओ उसकी. मैं लाइन पे हूँ."

मी आणखी काहीतरी कारण सांगणार होते. तेवढ्यात बाबांनी हात पुढे केला आणि मोबाईल घेतला. त्यांनी तो तोंडाशी धरला.

"बोसन," ते म्हणाले. "मैं बोल रहा है."

आई भांडी घासता घासता दारात येऊन उभी राहिली होती, हाताला राख तशीच.

"कुक?" बोसन म्हणाला. "मुँह में गरम आलू है क्या?"

मला त्या माणसाचा असा राग आला! मी मोबाईल ओढून घ्यायला पुढे झाले, आणि बघते तर बाबा हसत होते. तोंड पार डावीकडे गेलेलं, उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं, आणि ते खांदे हलवून हसत होते. मग त्यांनी सांगितलं. लकवा मारला. दीड साल हुआ. एकेक शब्द त्यांनी जोर लावून काढला. बोसनने एकदाही 'काय म्हणालास' विचारलं नाही. सगळं ऐकून तो म्हणाला की त्याच्या बायकोला जाऊन चार वर्षं झाली, आणि त्यानेही ते कुठे लिहिलं नाही. मग दोघं बोलतच राहिले. वीस-पंचवीस मिनिटं. मी उठून मागच्या दारी गेले.

तिथे उभी असताना एक गोष्ट मनात आली आणि ती मला आवडली नाही. तो चोर चार दिवस बाबांच्या नावाने बोलत होता. मी दीड वर्ष बोलत होते. मायेनेच बोलत होते, पण त्यांना बोलायचं आहे का हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आत आले तर बाबा म्हणाले, "तो व्हिडिओ काढायचा ना, काढ."

घरात नेट धड चालत नाही. व्हिडिओ अर्ध्यावर अडकायचा. म्हणून मी प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि आम्ही तिघं घरामागून वर सड्यावर, कातळाच्या उघड्या माळावर, गेलो. पावसाळा सरून महिना झाला होता. कातळावरचं गवत पिवळं पडलं होतं. मधोमध खुर्ची ठेवून बाबा बसले. मी समोर मोबाईल धरला.

"आता डावीकडे बघा बाबा. आता उजवीकडे. जरा वर."

ते शिस्तीत मान वळवत होते. आई मागे उभी राहून, त्यांना दिसावं म्हणून, स्वतःही तशीच मान वळवत होती. वाटेने गुरं घेऊन जाणारा शेजारी थांबून बघत राहिला. त्याला वाटलं असणार डॉक्टरांनी मानेचे व्यायाम दिलेत.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तुमची ओळख पटवता आली नाही.

ते मी बाबांना वाचून दाखवलं. एवढं मन घट्ट करून दाखवलेला चेहरा, आणि मशीन म्हणतंय हा तुमचा नाही! पण बाबा शांत होते. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. बोटीवर कुकला दाढी नाय ठेवू देत. फोटोत दाढी कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने पडवीत त्यांची दाढी केली. उजव्या गालाला जाण कमी म्हणून तिथे ती वस्तरा अगदी अलगद चालवत होती, आणि मध्ये मध्ये "लागलं नाही ना?" विचारत होती. बाबा म्हणाले, "लागलं तरी मला कळणार नाय. तू बघ." दाढीखालचा चेहरा आम्ही कितीतरी महिन्यांनी बघितला. ओढलेला होता, पण बाबांचाच होता. आईने टॉवेलने तो पुसला आणि टॉवेल जरा जास्तच वेळ तिथे धरून ठेवला.

पुन्हा सड्यावर गेलो, पुन्हा डावीकडे, उजवीकडे, वर. या वेळी सकाळचं ऊन समोरून चेहऱ्यावर येत होतं.

शुक्रवारी मी कारखान्यात असताना ईमेल आला. ओळख पटली. नवीन पासवर्ड घालण्यासाठी दिलेला दुवा ठरावीक वेळच चालणार होता. मला तिथूनच करता आलं असतं. पण मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, स्कूटर काढली आणि घरी आले. पासवर्ड बाबांनी स्वतः टाइप केला, एका बोटाने, आम्हाला तोंड फिरवायला लावून. "कोणाला सांगायचा नाय असं तूच म्हणालीस ना?" मी दुहेरी सुरक्षा लावून दिली. चोराचा ईमेल काढला, कोटवाला तरुण काढला. अनोळखी मोबाईलवर ते खातं जिथे जिथे उघडं होतं तिथून ते एकदाचं बंद केलं.

सगळं परत आलं असं नाही. बंदरांच्या आणि पदार्थांच्या गोष्टी होत्या तशा राहिल्या होत्या, पण मेसेजांचा सगळा कप्पा चोराने पुसून टाकला होता. त्यात एका इंजिनवाल्या मित्राशी चाललेलं तीन वर्षांचं बोलणं होतं. तो मित्र गेल्या वर्षी वारला. ते परत येत नाही, मी सगळीकडे विचारून बघितलं. बाबा अजून कधीतरी विचारतात, "ते नाय ना मिळणार?" मी नाही म्हणते. ते मान हलवतात आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतात.

ज्यांना ज्यांना खोटे मेसेज गेले होते त्यांना कळवणं आलं. मी म्हटलं, एक निवेदन टाकते, सगळे वाचतील. बाबा म्हणाले, लिहीत तर तो चोरही होता. फोन लाव. मग आम्ही वहीत यादी केली. रोज संध्याकाळी तीन-चार फोन. मी फक्त नंबर लावून द्यायचे आणि खोलीतून निघून जायचे. बाहेर ऐकू यायचं, "मी बोलतोय. हो, मीच. आवाज असाच आहे आता." काही जणांना समजायला वेळ लागला. एकाने मध्येच फोन ठेवला. त्याला वाटलं हाच फसवणारा आहे. त्याला बाबांनी परत लावला आणि त्याच्या बायकोने शिकवलेल्या माशाच्या कालवणात काय काय पडतं ते सांगितलं. मग तो रडायला लागला.

डॉक्टरांनी सांगितलेले बोलण्याचे व्यायाम बाबांनी कधी मनापासून केले नव्हते. यादी संपेपर्यंत त्यांचे 'प' आणि 'ब' बरेच मोकळे झाले होते. मी हे बोलून दाखवलं नाही. आईने दाखवलं, ती ऐकते थोडीच.

मागच्या आठवड्यात बाबा म्हणाले, मला बंदरावर ने, मासे मीच आणतो. स्कूटरवर मागे बसून आले. टोपलीपुढे बसलेल्या एका बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कुठे होतात इतके दिवस? बरं नव्हतं काय?"

बाबा सरंग्याचे कल्ले उघडून बघत होते. त्यांनी मान वर केली.

"लकवा झाला होता," ते म्हणाले. "आता जरा बरां आहे. हा कालचा दिसतोय मला. ताजा दाखव."

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

मी पिशवी धरून मागे उभी होते. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं. बाबांनी एक श्वास घेतला आणि पुन्हा, आधीपेक्षा हळू, सगळं वाक्य पहिल्यापासून म्हणाले. बाई हसली, हात लांब करून बर्फाखालचा दुसरा सरंगा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.